कोठार कोणाच्या अंगणात?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या, टेकाडात, पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात, उत्खनन करणाऱ्यांना मातीचा एक मोठा रांजण सापडला. रांजणाला चार पाय होते आणि आत साधारण चाळिशीतला एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता. या वस्तीत प्रौढ माणूस गेला की त्याला उत्तरेकडे डोके करून आडवा पुरत, कित्येकदा घराच्या जमिनीखालीच. शेजारी अन्नपाण्याची भांडी ठेवत. पुरण्यापूर्वी बहुधा त्याची पावले घोट्यापासून तोडत. मेलेल्याने उठून चालत परत येऊ नये, अशी काहीतरी भीती त्यामागे असावी. रांजणातल्या माणसाची पावले मात्र शाबूत होती. त्याचे घर वस्तीच्या मध्यभागी होते, गावातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक होते, आणि धान्याचे कोठार त्याच घराला लागून होते.

डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे मोसमामागून मोसम खणले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या या कामात ताम्रपाषाणयुगातली शंभराहून अधिक घरे उघडी झाली. इ.स.पू. १६०० च्या आसपास लोक इथे राहायला आले आणि इ.स.पू. ७०० पर्यंत राहिले. म्हणजे एकाच टेकाडावर नऊशे वर्षांचा संसार. जगात फार थोड्या ठिकाणी एक शेतकरी गाव इतक्या सविस्तर उघडले गेले आहे, आणि आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसालाही हे सहसा ठाऊक नसते, याचे मला फार वाईट वाटते. ढवळीकरांनी रांजण, घर, कोठार आणि नदीकाठी सापडलेला बांध व पाट यांचा एकत्र विचार केला आणि मांडले की हा प्रमुखाच्या सत्तेखालचा समाज होता. धान्याच्या रूपाने वाटा प्रमुखाकडे जमा होई आणि सार्वजनिक कामे त्याच्या देखरेखीखाली होत.

हे सगळे आज काढायचे कारण आहे. आरक्षणाचा विषय निघो, जमीन-वाटपाचा निघो, की वारसा-कराचा, एक वाक्य ठरलेले असते: पाची बोटं सारखी नसतात. आपल्या देशात १९५३ पासून मृताच्या मोठ्या मालमत्तेवर कर होता. १९८५ मध्ये तो रद्द झाला. तो परत आणावा की नाही यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. वसुलीच्या अडचणी खऱ्या आहेत, कर किती असावा यावर वाद होऊ शकतो. पण ‘विषमता हा निसर्गाचा नियम आहे, ती पहिल्यापासून होती आणि राहणारच’ हा जो पाया त्या चर्चेखाली गृहीत धरला जातो, तो मातीत सापडलेल्या पुराव्यावर टिकत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते मी जोर देऊन मांडतो आहे. विषमता केव्हातरी, कुठेतरी, माणसांनी उभी केली. कशाच्या आधारे उभी केली हेही बऱ्यापैकी दिसते: साठ्यावरचा ताबा, आणि तो ताबा मुलांच्या हाती देण्याची सोय.

बोटे सारखी नसतात हे खरेच आहे. कुणी चांगला शिकारी असतो, कुणाच्या हाताला मातीची भांडी बनवण्याचे कसब असते, कुणाचा शब्द पंचांत ऐकला जातो. असे फरक प्रत्येक मानवी समूहात होते. पुरातत्त्वज्ञ विषमता म्हणतात ती याहून वेगळी. माणसाने आयुष्यात काय कमावले यापेक्षा तो कोणाच्या पोटी आला यावर त्याचे स्थान ठरू लागले, की ती विषमता. आणि हे तपासायला मोठ्या माणसांच्या कबरींपेक्षा लहान मुलांच्या कबरी जास्त उपयोगाच्या असतात. चाळिशीच्या माणसाने मान कमावलेला असू शकतो. दोन वर्षांच्या पोराने काय कमावलेले असणार?

इनामगावला मुलांना पुरण्याची रीत हृदय हलवणारी आहे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत बाळ. हे सगळे घराच्या जमिनीखाली, जिथे आई रोज वावरते तिथेच. बहुतेक बाळांबरोबर एखाददुसरे भांडे, कधी तेही नाही. आता नेवाशाला जाऊ या, प्रवरेच्या काठी. त्याच काळातल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि मण्यांना चिकटून त्या माळेच्या दोऱ्याचे अवशेषही टिकले होते. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस निघाला. तांबे त्या काळी दख्खनमध्ये दुर्मीळ होते. बहुतेक कामे गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पात्यांनी भागवली जात. ज्या घराने एवढे तांबे बाळाबरोबर जमिनीत जाऊ दिले, त्या घराकडे ते सोडून देण्याइतके होते.

एका माळेवरून फार मोठी इमारत उभी करायची नाही. ती केवळ आईबापांची मायाही असेल. रशियातल्या सुंगीर इथे सुमारे ३४,००० वर्षांपूर्वीच्या शिकारी लोकांनी दोन मुलांना पुरताना हत्तीच्या नामशेष भाऊबंदाच्या, म्हणजे मॅमथच्या, दातांचे दहा हजारांहून अधिक मणी त्यांच्या अंगावर ठेवले होते. एकेका मण्याला लागणारा वेळ धरला तर हे काम एका घराच्या आवाक्यातले नाही. शेती नव्हती, गाव नव्हते, कोठार तर नव्हतेच. तरीही त्या समूहाने दोन मुलांसाठी एवढे श्रम खर्च केले. पण त्यानंतर त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली सत्ता दिसत नाही. मान देण्याची क्षमता माणसात फार जुनी आहे. तो मान वतन होऊन बसणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्याला शोधायची आहे ती ही दुसरी गोष्ट.

म्हणून मी पुन्हा कोठाराकडे येतो. इनामगावच्या त्या इमारतीत जमिनीत खणलेली पेवे होती आणि मातीचे गोल ओटे होते, ज्यांवर कणग्या ठेवल्या जात असाव्यात. घोडच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध घातला होता, पाट खोदला होता. शिरूरचा हा टापू पर्जन्यछायेतला. आजही तिथे पाऊस रुसला की टँकर येतात. अशा ठिकाणी बार्लीचे पीक घ्यायचे आणि चांगल्या वर्षातले धान्य वाईट वर्षासाठी राखून ठेवायचे, हे शहाणपणाचेच होते. कोठार हे आधी सगळ्यांच्या जिवाचे संरक्षण होते, यात मला शंका वाटत नाही.

मग ते एका घराला चिकटून का? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एल्मन सर्व्हिस यांनी १९६२ मध्ये अशा समाजांबद्दल एक समजूत रूढ केली. वेगवेगळ्या भागांतले वेगवेगळे उत्पन्न प्रमुखाकडे जमा होते, तो ते ज्याला जे हवे त्याला वाटतो, आणि या सेवेतून त्याचा मान वाढतो. ऐकायला फार छान आहे. पण मानववंशशास्त्रज्ञ टिमोथी अर्ल यांनी हवाई बेटांवर जाऊन पाहिले तेव्हा वेगळेच दिसले. डोंगरापासून समुद्रापर्यंत पसरलेला तिथला प्रत्येक पट्टा आपल्या गरजा बहुतेक आपणच भागवत होता. प्रमुखांकडे जमा होणारा माल रयतेकडे फारसा परत येत नव्हता. तो प्रमुखाचे नातेवाईक, कारभारी, योद्धे आणि कारागीर यांच्यात जिरत होता. वाटपाचा देखावा होता आणि वसुली खरी होती.

इनामगावच्या कोठाराचे धान्य कुणाच्या पोटात गेले हे पेवाच्या तळावरून सांगता येत नाही. तरीही माझा कौल असा, की हे दोन अर्थ एकाच गोष्टीचे दोन टप्पे आहेत. साठा सगळ्यांचा असतो म्हणूनच लोक तो राखायला कुणावर तरी विश्वासाने सोपवतात. राखणारा रोज हिशेब ठेवतो, कुणाला किती द्यायचे ते ठरवतो, वाईट वर्षी दारात आलेल्याला नाही म्हणू शकतो किंवा उपकार म्हणून देऊ शकतो. उपकाराचे ओझे पुढच्या सुगीला फेडावे लागते. राखणदाराचा मुलगा त्याच अंगणात वाढतो, आणि बाप गेल्यावर कोठार कुणी सांभाळायचे हा प्रश्न कुणी विचारतही नाही. त्यासाठी युद्ध नको, कट नको, एकाही दुष्ट माणसाची गरज नाही. मला यातले हेच सर्वांत अस्वस्थ करते.

हा नुसता तर्क नाही, याला जिवंत समाजांचा आधार आहे. मोनिक बोर्गरहॉफ मल्डर, सॅम्युअल बोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगभरातल्या २१ लहान समाजांची माहिती एकत्र मांडली. शिकार करून, कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या आणि हातकुदळीने परसबागा कसणाऱ्या लोकांत आईबापांच्या संपत्तीवरून मुलांची संपत्ती सांगणे अवघड जात होते. गुरे पाळणाऱ्या आणि जमीन नांगरणाऱ्या लोकांत ते सहज सांगता येत होते. कारण शिकारीचे कसब, नातीगोती, ताकद पोराला जशीच्या तशी देता येत नाही. जमीन आणि गुरे देता येतात. टिमोथी कोलर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये साठहून अधिक प्राचीन स्थळांवरच्या घरांच्या आकारातला फरक मोजला, तेव्हा युरोप-आशियात हा फरक अमेरिकेपेक्षा अधिक रुंदावलेला आढळला. त्याचे कारण त्यांनी ओढकामाच्या जनावरांत शोधले. ज्याच्या दावणीला बैल, त्याला जास्त जमीन कसता येते, आणि ज्याला बैल नाही तो बैलवाल्याच्या दारात उभा राहतो. आपल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला हे आकडेवारीशिवायही पटेल.

इनामगावच्या बाबतीत एक उडी मात्र फार सहज घेतली जाते आणि ती मला मान्य नाही. कुंभार, सोनार, मणी करणारा, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती आणि संपन्न शेतकऱ्यांची मध्यभागी, असे उत्खननात दिसले. लगेच काही जणांना त्यात पाटील, बलुतेदार आणि गावकुसाबाहेरची वस्ती दिसू लागते. जणू गावगाडा तीन हजार वर्षांपूर्वीच जुंपलेला होता. भट्टी आणि आवा गवताच्या छपरांपासून दूर ठेवणे हे साधे व्यवहारज्ञान आहे. कडेला राहणारा कमी प्रतीचा होता असे म्हणायचे तर त्याच्या घरात, ताटात आणि कबरीत ते दिसले पाहिजे. सोनाराच्या घरात गरिबी होती का? तसे दिसेपर्यंत नंतरची जात मागे नेऊन तिथे बसवायची नाही. जे पुराव्यात नाही ते पुरातन ठरवले, की ते आपोआप नैसर्गिकही वाटायला लागते. अस्पृश्य मानलेल्यांची वस्ती गावाबाहेर का, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला तेव्हा त्यांनी नेमका हाच आग्रह धरला होता. हे सनातन नाही, याला इतिहासात सुरुवात आहे, असे सांगून त्यांनी अस्पृश्यतेचा आरंभ इसवी सन ४०० च्या सुमाराचा मानला. त्यांच्या उत्तरावर अभ्यासक वाद घालतात. पण प्रश्न विचारण्याची ती रीत, म्हणजे तारीख मागण्याची, पुरातत्त्वाला अगदी जवळची आहे.

तीच सावधगिरी ‘प्रमुख’ या शब्दाच्या बाबतीतही हवी. अमेरिकेत सेंट लुईसजवळ कहोकिया हे हजार वर्षांपूर्वीचे मोठे नगर होते. तिथल्या ७२ क्रमांकाच्या टेकाडात मेल्विन फाउलर यांनी १९६७ ते १९७१ या काळात खणले. शंखशिंपल्यांच्या सुमारे २०,००० मण्यांच्या थरावर ठेवलेला माणूस मिळाला. आजूबाजूला बळी दिलेल्यांचे खच होते. एका खड्ड्यात पन्नासहून अधिक तरुण स्त्रिया ओळीने मांडलेल्या होत्या. अनेक दशके हा एका पराक्रमी पुरुषप्रमुखाचा दफनविधी म्हणून सांगितला गेला. २०१६ मध्ये हाडांची पुन्हा तपासणी झाली आणि मण्यांच्या त्या थराभोवती स्त्रीपुरुषांची जोडी होती, स्त्रिया आणखीही होत्या, असे दिसून आले. सत्ता तिथे होती, भयंकर होती, यात फरक पडला नाही. फक्त ती पुरुषाचीच असणार हे आपण बाहेरून आणून घातले होते. इनामगावचा रांजण वाचतानाही हे लक्षात ठेवायला हवे.

आणि ही चढण एकाच दिशेची नाही. शाळेत आपल्याला शिडी शिकवतात: टोळी, मग गाव, मग प्रमुख, मग राजा, आणि प्रत्येक पायरी म्हणजे प्रगती. बल्गेरियात काळ्या समुद्राकाठी वार्ना इथे १९७२ मध्ये खोदकाम करताना एक दफनभूमी सापडली, इ.स.पू. ४६०० ते ४३०० च्या आसपासची. जवळपास ३०० कबरी, आणि त्यांत सोन्याच्या ३,००० हून अधिक वस्तू, एकूण वजन सुमारे सहा किलो. हे सोने सगळ्यांत वाटलेले नव्हते. ते मोजक्या कबरींत गोळा झाले होते. ४३ क्रमांकाच्या कबरीतल्या एकाच पुरुषाकडे इतके सोने होते की तोवर सापडलेल्या त्या काळच्या कुठल्याही कबरीत तेवढे नव्हते. जगातले हे जवळजवळ पहिले सोनेरी वैभव. पुढे काय झाले? काही शतकांत तो समाज विस्कटला आणि त्या वैभवाची परंपरा तिथे चालली नाही. उलट तुर्कस्तानातल्या चाताल्ह्युयुकमध्ये हजारो माणसे शेती करून हजारेक वर्षे दाटीवाटीने राहिली. राजवाडा नाही, एकसारखी घरे, प्रत्येक घराचा आपला साठा घरातच. शेती आली म्हणजे राजा आलाच, असे नाही. प्रत्येकाची कणगी आपापल्या घरात होती, तोवर राखणदारही लागला नाही.

इनामगावलाही उतार आहे. इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत चौकोनी ऐसपैस घरे विरळ होत जातात आणि लहान गोल झोपड्या वाढतात. शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरचा भर वाढतो. ढवळीकरांनी याचे कारण घटत्या पावसात पाहिले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या मुलांच्या हाडांचा अभ्यास केला. उत्तरकाळातल्या मुलांची वाढ आधीच्या मुलांपेक्षा खुंटलेली दिसली, पण सगळा दोष एकट्या कोरड्या हवामानाला देता येत नाही, असे त्यांनी मांडले. म्हणजे त्या गावात शेवटी मुले उपाशी राहत होती. मग वाईट वर्षासाठी राखलेल्या कोठाराचे काय झाले? ती व्यवस्था कोलमडली, की ती होती पण सगळ्यांसाठी नव्हती? या प्रश्नावर संशोधन व्हायला हवे, आणि ते करता येण्यासारखे आहे. कुठल्या घराखालचे मूल कसे वाढले हे हाडांवरून ताडता येते, दातांतल्या रसायनांवरून आहाराचा अंदाज येतो, आणि कोणते हाड कोणत्या जमिनीखालचे याची नोंद डेक्कन कॉलेजच्या त्या पिढीने काळजीपूर्वक ठेवलेली आहे.

ही नोंद नसली की काय होते ते दायमाबादला दिसते. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या या गावात झाडाचे मूळ खणताना तांब्याची चार शिल्पे निघाली: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोहून अधिक वजन. त्या काळच्या दख्खनमध्ये एवढे तांबे म्हणजे केवढी सत्ता! पण ती कुणाच्या घरातली, देवळातली की पुरून ठेवलेली, हे कायमचे हुकले. भोवतीची माती आधीच उकरली गेली होती. शिल्पांची कलाकुसर आपण पाहू शकतो. त्या समाजातली विषमता त्यांच्यावरून वाचता येत नाही.

विदर्भात तर हे रोज होते आहे. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे लोखंड वापरणाऱ्या लोकांची शिळावर्तुळे आहेत, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. मोठमोठे धोंडे गोलाकार लावायचे आणि आत दफन. एवढे धोंडे ओढायला अनेक माणसांचे श्रम लागले. माहुरझरीला मृताबरोबर घोडा पुरला होता आणि घोड्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने होते. घोडा हे या भागात शेतीचे जनावर नाही. तो मिरवण्याचा आणि लढण्याचा. म्हणजे इनामगावला कोठाराभोवती सुरू झालेली गोष्ट इथे घोडा आणि हत्यार यांच्यापर्यंत पोहोचली होती का, हे तपासायला हजारो वर्तुळे उपलब्ध होती. शेत सपाट करताना, खडी काढताना, ले-आउट पाडताना त्यांतली कितीतरी गेली. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या सातबाऱ्यावर धोंड्यांची नोंद नसते आणि ते राखल्याबद्दल त्याला एक पैसाही मिळत नाही. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने, विद्यापीठांनी आणि ग्रामपंचायतींनी मिळून प्रत्येक वर्तुळाची जागा, मोजमाप आणि छायाचित्र महसुली नोंदीत आणले पाहिजे. ज्याच्या शिवारात ते आहे त्याला ते राखण्याचा मोबदला दिला पाहिजे. आणि सहावीच्या मुलाला इनामगावला एकदा नेऊन, कोठाराच्या जागी उभे करून, हे कुणाचे असेल असे तुला वाटते आणि का, असे विचारले पाहिजे.